‘कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकायचं नसतं, ताई’

जुनी एसयूव्ही विकणाऱ्याला गाडी फार तर अर्धा तास चांगली ठेवायची असते. टेस्ट ड्राइव्ह तेवढीच चालते. मी घेतलेल्या गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) आणि फोर व्हीलची ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांनाही ताकद पोचवणारी पेटी), तिन्हीकडे बिघाड होता. तिन्हींवर वेगवेगळी मलमपट्टी केलेली होती आणि ती अर्ध्या तासापुरती भक्कम होती. यार्डचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. गाडीच्या कंपनीचंही लिहीत नाही, कारण हे उद्योग कुठल्याही ऑटोमॅटिक फोर बाय फोरवर करता येतात.

आम्ही कराडचे. शेत पाटणच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. जूनपासून तिथला शेवटचा रस्ता म्हणजे नुसता राडा, ट्रॅक्टरशिवाय जाता येत नाही. शिवाय माझं माहेर चिपळूणचं, म्हणजे कुंभार्ली घाट कायमचा. नवी फोर बाय फोर परवडणारी नव्हती, म्हणून पुण्यात हायवेलगतच्या एका यार्डात जुनी बघितली. डिझेल, ऑटोमॅटिक, सात सीटर, ८६ हजार किलोमीटर चाललेली. मागितले पावणेदहा, ठरली ९ लाख २० हजारांना.

एकटी गेले नव्हते. आमच्या नेहमीच्या गॅरेजचे मामा बरोबर होते, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड, म्हणजे फॉल्ट कोड, वाचणारा त्यांचा स्कॅनरही होता. आमच्या भागात जुनी गाडी म्हटली की आधी पुराचं पाणी आठवतं. २०१९ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१च्या जुलैत चिपळूण बुडाल्यावर कितीतरी गाड्या धुऊन-पुसून लांबच्या शहरात विकल्या गेल्या, असं मामा सांगतात. त्यामुळे त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ शोधली, कार्पेट उचललं, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला. सगळं कोरडं, स्वच्छ. बॉनेट उघडून इंजिन बघितलं, धूर बघितला, एकही खोट नाही. स्कॅनर लावला, तर एकही फॉल्ट कोड नाही. म्हणजे जिथे जिथे खरेदीदार बघतो तिथे गाडी खरोखरच चांगली होती.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी चालू करून एसी लावून ठेवलेली. “ताई, उन्हातून आलाय, थंड करून ठेवली.” केवढी काळजी! टेस्ट ड्राइव्हला यार्डचा मुलगा शेजारी बसला आणि रस्ता तोच सांगत गेला. सर्व्हिस रोड, सिग्नल, पुलाखालून वळसा, परत. हायवेला लागू या म्हटलं तर “आत्ता जाम आहे, तासभर अडकाल.” पुण्यात हे वाक्य कुणीही खोटं ठरवू शकत नाही. चाळीसच्या पुढे काटा काही गेला नाही. गिअर मात्र लोण्यासारखे पडत होते.

मग मामांनी फोर व्हीलचं बटण फिरवायला सांगितलं. मुलाने पटकन हात आडवा धरला. “कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकायचं नसतं, ताई. चेन ताणते.” मामांनीही मान डोलवली, कारण गोष्ट शंभर टक्के खरी आहे. अशा गाड्यांत फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात टायर थोडा घसरून तो फरक भरून काढतो, कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, तिच्यातल्या चेनवर येतो. खोटं बोलणारा माणूस ओळखता येतो हो. खरं बोलून गप्प बसवणारा ओळखायचा कसा?

अशा वेळी करायचं एवढंच. यार्डाच्या आजूबाजूला कुठे तरी मातीचा, खडीचा तुकडा असतोच, गाडी तिथे न्यायला लावायची. टू व्हीलमधून फोर हायमध्ये (नेहमीच्या वेगाचं फोर व्हील) टाकून सरळ थोडं जायचं, डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत न राहता स्थिर व्हायला हवा. मग थांबून, न्यूट्रलमध्ये घेऊन, फोर लो (कमी वेगाचं, जास्त ताकदीचं). दिवा नुसता लुकलुकत राहिला, खाली मोटर टकटक करत राहिली, तर पुढे बोलणं नाही. ‘माती जवळ नाही’ म्हणाला तर माती असेल त्या दिवशी येतो म्हणायचं.

आणखी एक गोष्ट तेव्हा फार आवडली होती. चारही टायर नवेकोरे, जाड नक्षीचे, चिखलात चालणारे. विकायच्या गाडीला एवढे महागडे टायर कोण घालून देतो, असं वाटून किंमत वाजवीच वाटली. असे टायर डांबरावर जोरात घोंगावतात. त्या घोंगावण्याखाली मागच्या डिफरन्शियलची शीळ झाकली गेली होती, हे पुढे कळलं.

पहिले काही दिवस गाडी उत्तम चालली. खंबाटकी घाट चढून घरी आलो तेव्हाही तक्रार नव्हती. मग पंधरवड्याभरात साठ-सत्तरच्या वेगाला, अॅक्सिलरेटरवर पाय हलका ठेवला की गाडी रंबलरवरून गेल्यासारखी थरथरायला लागली. पाय उचलला की बंद, जोरात दाबला तरी बंद. मला आधी रस्ताच खराब वाटला, मग चाकांचं बॅलन्सिंग. मे महिन्यात चिपळूणहून आंब्याच्या पेट्या आणि आई-बाबांना घेऊन निघालो. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढताना एका वळणावर इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही, असं झालं. मीटरवर चेक इंजिनचा दिवा लागला. बाजूला घेऊन पाऊण तास थांबलो. थंड झाल्यावर गाडी काही झालंच नाही अशी चालू लागली.

मामांनी पुन्हा स्कॅनर लावला. कोड आला पी०७४१. टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच नीट धरत नाही, असा त्याचा अर्थ. अशा ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये नेहमीची क्लच प्लेट नसते, तेलातून ताकद पोचवणारा कन्व्हर्टर असतो. एका ठराविक वेगाला त्याच्या आतला एक क्लच बसतो आणि दोन्ही बाजू घट्ट जोडतो. तो झिजला किंवा तेल जळकं झालं की धरतो-सोडतो, धरतो-सोडतो, तीच ती थरथर. तेल तापून पातळ झालं की दुखणं वाढतं, म्हणून घाटात कळलं आणि सर्व्हिस रोडवर कळलं नाही.

मग विकताना थरथर का नव्हती? नवं तेल आणि त्यात थरथर दाबणारं अॅडिटिव्ह घातलं की काही काळ ती दबते, हे आता मला माहीत आहे. शिवाय स्कॅनरने गिअरबॉक्सच्या कंट्रोलरची शिकवण पुसून टाकता येते. झिजलेल्या भागांशी जुळवून घेत कंट्रोलर जे दाब ठरवत आलेला असतो ते शून्यावर येतात आणि काही दिवस गिअर वेगळेच पडतात. फॉल्ट कोडही त्याच वेळी पुसता येतात.

इथेच एक पुरावा हाती लागला, तो सगळ्यांनी लिहून ठेवावा असा आहे. स्कॅनरमध्ये लाइव्ह डेटा उघडला की बहुतेक गाड्यांत ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ दिसतं. डिलिव्हरी नोटवर मीटर होतं ८६,४१२. स्कॅन केला तेव्हा ८७,२९०. म्हणजे मी चालवली ८७८ किलोमीटर. स्कॅनर दाखवत होता ९२१. गाडी माझ्या हातात येण्याच्या ४३ किलोमीटर आधी कुणीतरी कोड पुसले होते. तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा ‘नो फॉल्ट’वर थांबू नका, हा आकडा बघा. ८६ हजार चाललेल्या गाडीत कोड पुसून ४० किलोमीटर झाले असतील, तर का पुसले ते विचारा. बॅटरी काढली होती, हे ठरलेलं उत्तर येईल. मग गाडी शंभर-दोनशे किलोमीटर चालवून परत दाखव म्हणा.

गाडी रॅम्पवर गेल्यावर डिफरन्शियलचं ऑइल काढलं. बाहेर आलं ते काकवीसारखं, धार धरून लोंबणारं. लागतं नव्वद ग्रेडचं, घातलं होतं एकशेचाळीसचं असणार, असं मामा म्हणाले. जाड ऑइलमध्ये झिजलेल्या क्राऊन-पिनियनचा, म्हणजे डिफरन्शियलमधल्या दातेरी चक्रांचा, आवाज दबतो. ड्रेन प्लगच्या चुंबकाला राखाडी, मऊ मलम चिकटलेलं असणं नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. आमच्या प्लगवर मलमात टोचणारे कण होते, नखाएवढी एक पापडीसुद्धा. दाताचा तुकडा. टायरचा आवाज आणि डिफरन्शियलचा आवाज वेगळा करायला सोपी युक्ती आहे: साठ-सत्तरला अॅक्सिलरेटर दाबायचा आणि सोडायचा. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, पायाला दाद देत नाही. क्राऊन-पिनियनची शीळ दाबल्यावर एक आणि सोडल्यावर दुसरी ऐकू येते. आणि जागेवर ब्रेक दाबून डीमधून आरमध्ये, परत डीमध्ये टाकायचं. खालून ठक्क असा दणका आला तर शाफ्टच्या क्रॉसमध्ये (सांध्यात) किंवा डिफरन्शियलच्या हाऊसिंगमध्ये ढिलाई आहे.

फोर व्हीलची परीक्षा शेवटी आमच्याच नांगरलेल्या रानात झाली. दिवा लुकलुकला, विझला आणि मागची दोन चाकं तेवढी माती उडवत राहिली.

अंदाजपत्रक आलं: कन्व्हर्टर आणि व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब सांभाळणारा भाग) यांच्यासकट गिअरबॉक्सचं काम २ लाख ८० हजार. डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस वेगळे. ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही’ या समजुतीची ही किंमत पहिल्या मालकाने माझ्या गळ्यात घातली. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांच्या आसपास ऑइल बदलायला सांगते, पण आपल्याकडे विचारतो कोण?

पहिला मालक आणि यार्ड यांच्यात कुणाला किती माहीत होतं, तेही उघड झालं. आरसी माझ्या नावावर झाल्यावर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधून जुन्या जॉब कार्डांच्या प्रती मागितल्या. विक्रीच्या आधीच्या शेवटच्या कार्डावर लिहिलं होतं: गरम झाल्यावर झटका, गिअरबॉक्स उघडण्याचा सल्ला, ग्राहकाचा नकार. वर्कशॉपवाले हा इतिहास त्रयस्थाला देत नाहीत, पण मालकाने फोन केला की देतात. म्हणून इसार देण्याआधी विकणाऱ्यालाच तो मागवायला लावा. टाळाटाळ झाली तर समजून जायचं.

डिलिव्हरी नोटच्या तळाशी बारीक इंग्रजीत ‘जशी आहे तशी’ विकली असं छापलेलं होतं. यार्डवाला त्यावर बोट ठेवून मोकळा झाला. वकिलांचं म्हणणं वेगळं पडलं. गाडी चांगली आहे असं सांगून दोष लपवला असेल तर असं वाक्य त्याला वाचवेलच असं नाही, आणि तो धंदा करणारा असल्याने ग्राहक कायदा लागू होतो. २०१९च्या कायद्याप्रमाणे मी राहते त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून साताऱ्यात केली, पुण्याला खेटे नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला शुल्क २०० रुपये, पाच लाखांपर्यंत काहीच नाही. १९१५ या हेल्पलाइनवर आधी फोन केला होता, त्यांनी यार्डला कळवलंही, पण तिकडून उत्तर आलं नाही. आणखी एक मुद्दा वकिलांनी घातला: १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. यांच्याकडे ते नव्हतं. आरसीवर, ट्रान्सफरच्या कागदांवर हे यार्डवाले कुठेच नाहीत, जुन्या मालकाची गाडी थेट माझ्या नावावर झाली. तुम्ही ते अधिकारपत्र पहिल्याच भेटीत मागा, फोटो काढा.

तक्रार करायची असेल तर दुरुस्तीची घाई करू नका. आधी अधिकृत वर्कशॉपचा लेखी अहवाल, स्कॅनच्या पानांचे फोटो, काढलेल्या ऑइलची सीलबंद बाटली. एकदा गिअरबॉक्स उघडला की समोरचा म्हणणार, यांच्या मिस्त्रीनेच घालवला.

परवा यार्डवाल्याचा फोन आला. आवाज एकदम मवाळ. “ताई, केस मागे घ्या, गाडी आम्हीच परत घेतो. साडेपाच देतो.” मी म्हटलं, नऊ वीसला घेतलीय, साडेपाच कशी काय? तर म्हणाला, “गिअरबॉक्सचं काम आहे ना तिला, तेवढे तर जाणारच.” मी म्हटलं, दादा, हेच जरा व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. अजून आलेलं नाही.