तळमजल्यावरचा कुबट वास: यंत्र, डबे की एसी?

आमच्या रत्नागिरीकडच्या घराची मागची खोली म्हणजे अर्धं तळघरच. मागची भिंत दरडीला टेकलेली, खिडकी एकच. मिरग लागून पंधरा दिवस झाले की दार उघडताच ओल्या गोणपाटासारखा वास येतो. अशी खोली तुमच्याकडे असेल आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीत ‘ओलीचं काहीतरी’ घ्यायचं चाललं असेल, तर आधी खर्च न करता एक गोष्ट बघा.

भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर ते हवेतलं.

भिंतीतून येत असेल तर हवेतली ओल ओढणाऱ्या यंत्राचा, म्हणजे डिह्युमिडिफायरचा, विचारच सोडा. पन्हळीचं पाणी कुठे पडतं, मागचं गटार तुंबलंय का, दरडीची माती जोत्याच्या वर चढलीय का, हे आधी. आतून वॉटरप्रूफ रंग मारायचा मोह होतो, आम्हीही मारला. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे तळहाताएवढे पोपडे निघाले आणि खाली लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारा पांढरा खार, तसाच. पाणी मागून येतं, त्याला पुढून झाकून काय होणार?

हवेतली ओल असेल तर मात्र निवड करण्यासारखी आहे.

पांढऱ्या खड्यांचे डबे, म्हणजे कॅल्शियम क्लोराइड, स्वस्त आणि बिनविजेचे. पण हिशोब करा. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीतल्या हवेत, २८ अंशांना आणि ९० टक्के आर्द्रतेला, जवळपास ७०० मिली पाणी असतं. गादी-लाकडातलं वेगळंच, आणि दार उघडलं की नवीन आत. डबा भरायला काही आठवडे लागतात. खोलीला तो पुरणार नाही. बंद कपाटात मात्र उत्तम. फक्त खाली जमणारं पाणी चामड्यावर किंवा लोखंडावर सांडू देऊ नका, लहान मुलांपासूनही लांब ठेवा.

डिह्युमिडिफायर महाग आहे, गुरगुरतो, खोली थोडी गरमही करतो. तरी माझं मत त्याच्याच बाजूने. आमचा रात्रीत तीनेक लिटर पाणी काढतो. साधारण २५० वॉटचं यंत्र आठ तास चाललं तर दोन युनिट. खोक्यावरच्या लिटरच्या आकड्यावर जाऊ नका. तो बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो, खोली त्याहून गार किंवा कोरडी असेल तर पाणी कमी निघतं. सोबत छोटा आर्द्रतामापक घ्या आणि काटा ६० च्या खाली ठेवा, म्हणजे बुरशी सहसा धरत नाही.

एसी आधीच बसवलेला असेल तर ड्राय मोड वापरून बघा, नवीन यंत्राची घाई नको. पण पावसाळ्यात खोली लवकर गार होते, कॉम्प्रेसर मंदावतो आणि ओल परत चढते. निव्वळ वासासाठी नवा एसी घ्यायचं काही कारण नाही.

एक्झॉस्ट फॅन न्हाणीघरात हवाच. मागच्या खोलीत तो आषाढात बाहेरची ओली हवाच आत ओढतो. श्रावणात ऊन पडलं की दुपारी लावा. आत ओले कपडे वाळत घालणं मात्र आधी बंद, नाहीतर यंत्र कपडेच वाळवत बसतं. डांबरगोळ्या आणि कापूर वासावर वास चढवतात, ओल तिथेच राहते. घरात तान्हं बाळ असेल तर डांबरगोळ्या नकोतच.

यंत्र घ्यायचं ठरलंच तर दुकानात मागच्या बाजूला पाइप जोडायचं भोक आहे का ते बघून घ्या. पाइप नसेल तर टाकी भरली की यंत्र आपोआप बंद पडतं, आणि रात्री दोनला उठून ती ओतायला घरातलं कुणी जात नाही.