वर्गात एसी की एक्झॉस्ट पंखे? ताज्या हवेचा विजेचा हिशेब

शाळेच्या बैठकीत एसीचा विषय निघाला की किती टनाचा आणि किती हजाराचा, एवढंच बोललं जातं. मुलं दिवसभर कोणती हवा आत घेणार, हे विचारायचं राहून जातं. गोवर, क्षय, फ्लू, कोविड हे सगळे हवेतून पसरणारे आजार आहेत, म्हणून तो प्रश्न आधी.

साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आणतच नाही, खोलीतलीच गार करून परत सोडतो. ७ बाय ६ मीटरचा, ३ मीटर उंच वर्ग घ्या. ४० मुलं बसवून दारं-खिडक्या लावल्या, तर अर्ध्या तासात कार्बन डायऑक्साइड २००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २००० भाग) पुढे जाईल. बाहेर तो ४२० च्या आसपास असतो. वरची सगळी भर म्हणजे शेजारच्यांनी सोडलेला श्वास.

अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२३ मध्ये तासाला किमान ५ वेळा खोलीभर स्वच्छ हवा मिळावी, असं उद्दिष्ट सांगितलं. आपल्या वर्गाला ती तासाला ६३० घनमीटर लागेल. आता सहा तासांची शाळा आणि १० रुपये युनिट धरून बघू.

खिडक्या आणि एक्झॉस्ट. समोरासमोर खिडक्या असतील तर वारा हे काम फुकट करतो. पेरूतल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत खिडक्या-दारं उघडल्यावर हवा तासाला साधारण २८ वेळा बदलली, जुन्या उंच छतांच्या खोल्यांत त्याहूनही जास्त. हा अभ्यास २००७ चा. आपल्या नव्या इमारतींतल्या सरकत्या खिडक्या मात्र अर्ध्याच उघडतात आणि पावसाळ्यात त्याही लावून घेतल्या जातात. तिथे ५० वॉटचे दोन एक्झॉस्ट लावा: रोज ०.६ युनिट, सहा रुपये. छताचे चार जुने ७५ वॉटचे पंखे काढून ३० वॉटचे बीएलडीसी (कमी विजेच्या मोटरचे) पंखे बसवले, तर १८० वॉट वाचतात. म्हणजे एक्झॉस्टची वीज त्यातून भागून वर उरते.

एसी आणि ताजी हवा. खरा खर्च इथे आहे. मुंबई-कोकणात तो उष्म्यापेक्षा दमटपणाचा जास्त असतो, कारण आत आलेल्या हवेतली वाफ पाणी करून काढावी लागते. दमट दिवशी ६३० घनमीटर हवेसाठी जवळजवळ दोन टन क्षमता जादा लागते. विजेत सांगायचं तर सुमारे २ किलोवॉट, रोजचे १२० रुपये, तेही एका वर्गाचे. बिल बघून मग कोणीतरी ताज्या हवेची झडप बंद करतं. जाणाऱ्या हवेचा गारवा आणि कोरडेपणा येणाऱ्या हवेला देणारं ईआरव्ही यंत्र हा खर्च साधारण निम्म्यावर आणतं, पण ते बसवणं महाग.

हेपा प्युरिफायर, म्हणजे खोलीतल्या हवेतले बारीक कण गाळणारं यंत्र. दोन यंत्रं मिळून १०० वॉट, शिवाय फिल्टर बदलण्याचा खर्च. विषाणूंचे कण अडतात, कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो. रस्त्यालगतच्या धुळीच्या शाळेत हा जोड म्हणून चांगला, एकटा अपुरा.

माझं मत स्पष्ट आहे: एसी टाळता येत असेल तर टाळा. रहदारीच्या आवाजामुळे खिडक्या उघडताच येत नसतील, तर एसीसोबत ईआरव्हीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

कोटेशन मागवण्याआधी भरल्या वर्गात पंखे थांबवून, खिडकीशी उदबत्ती धरून बघा. धूर सरळ वर जात राहिला, तर तिथे वारा फिरत नाही आणि पहिला एक्झॉस्ट त्याच वर्गाला हवा.