व्हॉट्सॲप बिझनेस ॲप: कोल्हापूरच्या छोट्या दुकानाला कितपत पुरतं?

सोशल मीडियावर यायचं ठरलं की दुकानदार आधी रील बनवणारा पोरगा शोधतो. हलगीचा ठेका, रंकाळ्याचा एक शॉट, वर 'जगात भारी कोल्हापुरी', झाली रील तयार. बघणारे भरपूर येतात, पण खाली 'किंमत?' विचारणाऱ्यांना दोन-दोन दिवस उत्तर मिळत नाही. सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. आधी ऑर्डर नीट घेता यायला हवी, गिऱ्हाईक बोलावणं त्यानंतर. ऑर्डर घेण्यासाठी मेटाचं व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप २०१८ पासून आपल्याकडे फुकट मिळतंय. महाद्वार रोडवरचं चप्पलचं दुकान असो की घरून चालणारा मसाल्याचा उद्योग, तेवढ्या कामाला ते पुरून उरतं. नवं गिऱ्हाईक आणायच्या कामात मात्र ते कच्चं आहे.

पहिला निर्णय नंबरचा. एक नंबर एका वेळी साध्या किंवा बिझनेस, यांपैकी एकाच ॲपवर चालतो. घरचा नंबर बिझनेसवर नेला तर पाहुण्यांच्या लग्नपत्रिका आणि ऑर्डरी एकाच रांगेत येतात, म्हणून वेगळं सिम घ्यावं. दुकानाचा जुना लँडलाइन नंबरही चालतो. पडताळणीच्या वेळी मेसेजऐवजी 'कॉल करा' निवडायचं. सिम मालकाच्याच नावावर हवं. कामावरच्या पोराच्या नावावर असलं आणि तो सोडून गेला, तर गिऱ्हाइकांना पाठ झालेला नंबरही त्याच्यासोबत जातो. सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन त्याच दिवशी लावावा आणि कोणी ओटीपी मागितला तर देऊ नये. अशी हायजॅक झालेली खाती परत मिळवताना दमछाक होते.

ॲपचा खरा जीव कॅटलॉगमध्ये, म्हणजे फोटो आणि किंमतींसह मांडलेल्या मालाच्या यादीत आहे. ५०० वस्तू बसतात, प्रत्येकीला १० फोटो. इथंच बहुतेक जण घाई करतात आणि दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली काढलेला एकच फोटो टाकून मोकळे होतात. कातड्याचा रंग त्यात लालसर दिसतो, माल हातात पडल्यावर 'फोटोत वेगळा होता' म्हणून परत येतो. सकाळच्या उजेडात, दाराजवळ, साध्या पार्श्वभूमीवर फोटो घ्यावा. कापशीचा (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) जोड असेल तर पहिला फोटो वरून पूर्ण जोडाचा, चौकोनी, म्हणजे यादीत कडा कापल्या जात नाहीत. दुसरा वेणी आणि कान जवळून. तिसरा तळ आणि कडेची शिलाई. चौथा पायात घातलेला. पाचवा टेपपट्टी ठेवून. वर्णनात कातडं कशाचं, तळाचे थर किती, कुठली मापं तयार आहेत आणि कुठली बनवून द्यावी लागतात, किती दिवसांत, हे लिहावं. आयटम कोडची जागा असते, तिथं 'काप-०८' असं स्वतःचं काहीतरी टाकावं. फोनवर बोलताना 'ती गोंड्याची, तपकिरी, नाही नाही, दुसरी' हा खेळ त्यानं वाचतो.

किंमत रिकामी ठेवता येते, पण ठेवू नये. 'किंमतीसाठी मेसेज करा' लिहिलं की निम्मी माणसं पुढं सरकतात, उरलेली फक्त भाव काढायला येतात. अपवाद गुजरीतल्या सराफांचा. सोन्याचा भाव रोज हलतो, त्यामुळं साज किंवा ठुशी टाकताना किंमतीचा रकाना मोकळा ठेवून वर्णनात वजन, कॅरेट आणि मजुरी लिहावी. तयार दागिन्याचा हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी दिसेल असा एक फोटो जोडावा. मसालेवाल्यांनी २५० ग्रॅम आणि ५०० ग्रॅम या वेगळ्या वस्तू म्हणून टाकाव्यात, आणि पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो द्यावा, ज्यात एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी क्रमांक आणि तारीख वाचता येते. तिखट किती, हेही सांगावं. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक 'कोल्हापुरी' शब्दालाच घाबरून असतं.

टाकलेली वस्तू आधी तपासली जाते, मगच दिसते. तंबाखू, दारू, जिवंत जनावरं यांना मेटाचे नियम मनाई करतात. नियमात बसणारी वस्तू चुकून नाकारली गेली तर पुन्हा तपासणीची विनंती करता येते.

क्विक रिप्लाय हे या ॲपमधलं सर्वांत कमी वापरलं जाणारं आणि सर्वांत उपयोगी बटण. ५० उत्तरं साठवता येतात. चॅटमध्ये तिरकी रेघ आणि ठरवलेला शब्द टाइप केला की पूर्ण उत्तर समोर येतं. चप्पल दुकानाला चार उत्तरं पहिल्या दिवशीच लागतात: माप, कुरिअर, बदली आणि निगा. मापाचं उत्तर असं असावं: 'संध्याकाळी कागदावर पाय ठेवून उभे राहा, पेन सरळ उभं धरून भोवती रेघ ओढा, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये कळवा. दोन्ही पायांचं.' बुटाचा नंबर विचारून पाठवलेला जोड परत येण्याची शक्यता मोठी, कारण कंपनीनुसार नंबर बदलतो. निगेच्या उत्तरात पावसात न वापरणं आणि भिजलीच तर सावलीत वाळवणं एवढं पुरे.

ग्रीटिंग मेसेज नव्या माणसाला आपोआप जातो, किंवा १४ दिवस काही बोलणं झालं नसेल तर. त्यात 'आपले सहर्ष स्वागत' पेक्षा कॅटलॉगची लिंक आणि दुकानाची वेळ द्यावी. दुकान बंद असतानाचा अवे मेसेज फोनला नेट असेल तरच जातो; रात्री डेटा बंद करून झोपणाऱ्यांनी 'ॲप बिघडलंय' म्हणू नये. चॅटवर खुणेला लावायची लेबलं २० पर्यंत करता येतात. 'पैसे बाकी', 'पैसे आले', 'कुरिअर दिलं', 'बदली' एवढी चार शिस्तीनं लावली तरी नवरात्रातल्या गर्दीत कुठली ऑर्डर अडकली ते सापडतं. फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात, पण मूळ फोन १४ दिवस उघडला नाही तर ती आपोआप बाहेर पडतात.

आता कच्ची बाजू. एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. हजारभर नंबर गोळा केले आणि ऑफर टाकली, तरी बहुतेकांपुढं एकच टिक राहते, ती यामुळं. उपाय काउंटरवरच आहे. बिल करताना दुकानाचं चॅट उघडणारा व्हॉट्सॲपचा क्यूआर स्कॅन करून घ्यावा, 'नाव सेव्ह करा, नवीन माल आला की फोटो पाठवतो' असं सांगावं, आणि पाठवायला परवानगी विचारावी. नंबरांच्या विकत मिळणाऱ्या याद्या आणि एका क्लिकवर दहा हजार मेसेज पाठवणारी सॉफ्टवेअरं यांच्या वाटेला जाऊ नये. लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात, नंबर बंद होतो, आणि पाटीवर, पिशवीवर छापलेला तोच नंबर असतो. आठवड्याला एक मेसेज पुष्कळ झाला. रोजचं दाखवायला स्टेटस आहेच, ते २४ तासांत आपोआप जातं.

नवीन माणूस यायला बाहेरची दारं उघडावी लागतात. पर्यटक अंबाबाईचं दर्शन घेऊन गुगलवर 'जवळचं चप्पल दुकान' शोधतात, तेव्हा गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट काम करतं. पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात, त्यात दुकानाची पाटी आणि गल्ली दोन्ही दिसली पाहिजेत. इन्स्टाग्रामच्या बायोत थेट चॅट उघडणारी लिंक द्यावी: डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, ९१ आणि पुढं दहा आकडी नंबर. अधिक चिन्ह, शून्य, मोकळी जागा, काही नको. यातलं एक जरी घुसलं तरी लिंक फसू शकते. जाहिरात करायचीच तर कोल्हापूर शहर निवडून पैसे घालवू नयेत, इथल्याला दुकान माहीत आहे. पुणे, ठाणे धरावं, दिवसाला दोन-तीनशे रुपये, चार-पाच दिवस, आणि व्हॉट्सॲप उघडणारी जाहिरात घ्यावी. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, हिशेबात धरावा.

पैसे घेताना स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवून माल सोडू नये; बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसली की मगच कुरिअर. 'क्यूआर पाठवतो, पिन टाका, पैसे येतील' म्हणणारा ठग असतो, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही.

रोज शेकडो चॅट येऊ लागले, तीन-चार माणसं उत्तरं देऊ लागली, की एपीआयचा, म्हणजे मोठ्या धंद्यांसाठी दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडून चालणाऱ्या पैसे मोजायच्या व्हॉट्सॲपचा विचार करावा. तिथं १ जुलै २०२५ पासून पोचलेल्या टेम्प्लेट (आधी मंजूर करून घेतलेल्या ठराविक) मेसेजमागे पैसे मोजतात, आणि ही जोडणी करून देणारी मधली कंपनी स्वतःचं भाडं वेगळं घेते. एजन्सीवाला पहिल्याच भेटीत एपीआय विकायला लागला तर त्याला आधी तुमच्या कॅटलॉगमध्ये किती वस्तू आहेत ते विचारू द्या. विचारलं नाही तर चहा पाजून वाटेला लावा.