पदरात भोपळा: ‘अटलांटिक जायंट’ बियाण्यासोबत एक हंगाम

पाकिटात पाच बिया होत्या, त्यांतल्या तीन रुजल्या, एक वेल राखला, त्यावर एकच फळ धरले आणि तेही अखेरीस फुटले. तरीही पुढच्या हंगामात मी हेच बियाणे लावणार आहे.

हे वाण कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील विंडसर येथील शेतकरी हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षे निवड करत तयार केले. १९८१ साली त्यांचा विक्रमी भोपळा सुमारे २२४ किलोंचा होता. २०१२ साली याच कुळातल्या फळाने २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा टप्पा ओलांडला आणि २०२५ मध्ये इंग्लंडमधील जुळ्या भावांचे फळ १,२७८.८ किलो भरले. माझे फळ जेमतेम १४० किलोंपर्यंत पोहोचले. दुकानातले बी आणि विजेत्या फळातून काढलेले, ज्याच्या आईबापांची नोंद आहे असे बी, यांत मोठा फरक असतो. पाकिटावर राक्षसी फळाचे चित्र छापणाऱ्या विक्रेत्याने हे एका ओळीत तरी सांगायला हवे होते.

लागवडीच्या सूचनाही अपुऱ्याच होत्या. टरफल जाड असल्यामुळे बीच्या कडा कानशीने हलक्या घासाव्यात, कोंब फुटणारे टोक मात्र सोडावे, हे मला अनुभवी उत्पादकांकडून कळले. मुख्य वेल बुंध्यापासून साधारण तीन मीटर पुढे गेल्यावर फळ धरावे, फांद्यांची पेरे मातीत दाबून त्यांना मुळे फुटू द्यावीत आणि बाकीची फळे लहान असतानाच खुडावीत, हेही तसेच समजले. परागीकरण हातानेच करावे लागते. मादीफूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्या पाकळ्या दोऱ्याने बांधून ठेवल्या आणि पहाटे नरफुलाच्या पाकळ्या सोलून आतला पिवळाधमक दांडा मादीफुलाच्या गाभ्यावर हळूच फिरवला. मधमाशी आधी पोहोचली, तर बीचे कूळ सांगता येत नाही. या छंदात ते फार मोठे नुकसान समजतात.

पैशाचा हिशेब मांडायचाच तर तो शब्दशः भोपळाच निघतो. एका वेलाने घराएवढी जागा अडवली आणि खत, पाणी, भुरी रोगावरची फवारणी, फळावर सावलीचे कापड, त्याखाली वाळूचा थर, असा खर्च वाढतच गेला. गर पाणचट आणि बेचव असल्यामुळे खाण्यासाठी कोणी हा भोपळा लावू नये. कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथील स्पर्धेत २०२३ साली १,२४७ किलोंच्या विश्वविक्रमी फळाला ३०,००० डॉलर मिळाले खरे, पण अशा बक्षिसाचा धनी वर्षाला एखादाच असतो. बाकीचे हजारो लोक मग कशासाठी राबतात, हा प्रश्न मलाही पडला होता.

माझ्यापुरते उत्तर मोजपट्टीत सापडले. फळाचा घेर आणि त्याच्या पाठीवरून घेतलेली उभी-आडवी मापे यांची बेरीज तक्त्यात पाहिली, की न उचलताच वजनाचा अंदाज येतो. भर वाढीच्या आठवड्यात रोज पाच-सहा किलोंची भर पडत होती. सकाळी मापे घेतली, की संध्याकाळी पुन्हा घेतल्याशिवाय चैन पडत नसे. (घरच्यांनी पट्टी लपवूनही पाहिली.) विक्रमी फळे ऐन भरात दिवसाला वीस किलोंहून अधिक वाढतात, हे वाचल्यावर तर माझा भोपळा आळशी वाटू लागला.

दुसरे कारण बियांच्या देवाणघेवाणीत आहे. फळाचे पौंडांतील वजन, उत्पादकाचे आडनाव आणि वर्ष, असे बीचे नाव ठरते. आपले चांगले बी अनेक जण अनोळखी माणसालाही लिफाफ्यातून पाठवतात. स्पर्धेत समोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हाती आपले बी देण्याची ही रीत मला बक्षिसाहून अधिक आकर्षक वाटते, कारण आपण हरलो तरी जिंकणाऱ्याच्या फळात आपले काहीतरी असू शकते.

माझ्या भ्रमाचा भोपळा फळ धरल्यापासून पंचेचाळिसाव्या दिवशी फुटला. रात्रभर पाऊस झाला, वेलाने अधाशासारखे पाणी ओढले आणि सकाळी देठाजवळ बोटभर रुंदीची भेग दिसली. बोट घातले तर थेट पोकळीत गेले. अशी भेग असलेले फळ स्पर्धेत अपात्र ठरते. पाणी नियमित दिले असते आणि देठाजवळचा ताण पडणारा वेल वेळीच मोकळा केला असता, तर कदाचित ते वाचले असते.

ज्याला भाजी हवी आहे किंवा ज्याच्याकडे जागा कमी आहे, त्याने या पाकिटाच्या वाटेला जाऊ नये. ज्याला हा नाद लावून घ्यायचा आहे, त्याने तरी दुकानात जाण्याआधी एखाद्या उत्पादकाकडे बी मागून पाहावे. फुटलेल्या फळातून मी बिया काढून धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि लिफाफ्यावर अंदाजे वजन, आडनाव व वर्ष लिहिले. ते वजन काट्यावरचे नव्हे, तक्त्यावरचे आहे, हेही खाली नमूद केले आहे.