कुत्र्याला डोंगरावर न्यायचंय, मग अजिंक्यतारा का यवतेश्वर?

मनालीकडं पायाला पसरट जाळीचे बूट बांधून बर्फावरून चालणारी माणसं आणि पुढं उड्या मारत चाललेलं कुत्रं, असले रील बघून आमच्या शेजाऱ्यांनी लॅब, म्हणजे लॅब्रडॉर कुत्रा, आणला. आता तो दीड वर्षाचा धोंड झालाय आणि परवा विचारत होते की फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला पहिल्यांदा डोंगरावर न्यायचं तर कुठं न्यायचं. म्हटलं बर्फ काय साताऱ्यात मिळणार नाही, पण डोंगर भरपूर आहेत, फक्त जागा बघून निवडा. आमचा बंड्या गावठी आहे, अठरा किलोचा, सहा वर्षं त्याच्याबरोबर फिरतोय, त्यामुळं जे लिहितोय ते बहुतेक त्याचेच हाल बघून शिकलेलं.

पहिलं अजिंक्यतारा, शहराला लागूनचा किल्ला. बोगद्याकडनं वर जाणारा डांबरी रस्ता आहे, त्यामुळं कुत्र्याच्या पायाला काय त्रास नाही असं वाटतं, आणि सकाळी खरंच नसतो. रस्ता शहराकडच्या उतारानं चढतो म्हणून या दिवसांत आठ वाजेपर्यंत बराचसा सावलीत असतो. पण तेच डांबर दहाला तव्यासारखं होतं. उलटा हात रस्त्यावर टेकवून मनात सात आकडे मोजा, तेवढा वेळ हात ठेववत नसेल तर कुत्र्यालाही चालवत नेऊ नका. दुसरी अडचण गर्दीची. सकाळी फिरायला येणारे काका-काकू, गाड्या, आणि वर मोकाट कुत्र्यांची एक टोळी, जिला दुसरं कुत्रं आलेलं अजिबात खपत नाही. लीश, म्हणजे हातातली दोरी, सोडायचा विचारच करू नका. मंगळाई बुरुजाकडं मात्र जरा शांतता असते, १७०० साली मोगलांनी सुरुंग लावला आणि तो त्यांच्याच माणसांवर उलटला तो हाच बुरूज. बंड्याला इतिहासाचं काय नाही, तो तिथं वारा खात बसतो.

यवतेश्वराचा डोंगर म्हणजे दुसरी तऱ्हा. घाट चढून गेलं की माणसं कमी आणि हवा गार, फेब्रुवारीत पांगारा न् काटेसावर फुललेली, कुत्रं अगदी वेडं होतं. पण तिथला सडा, म्हणजे वरचं उघडं कातळाचं पठार, या दिवसांत वाळून कोळ झालेला असतो, ऊन लागलं की सावलीला एक झुडूप सापडत नाही. गेल्या मार्चात आम्ही निघायला उशीर केला, साडेनऊला परत फिरलो, आणि बंड्या अर्ध्या वाटेत बसला तो बसलाच. जीभ बाहेर, घट्ट लाळ, पंजे चाटतोय. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच उष्णता बाहेर काढायची, आणि हवाच तापली की तेही जमत नाही. कारवीच्या काड्यांच्या आडोशाला तासभर बसवला, पोटाला न् पंजांना साधं पाणी लावलं, मग गाडीपर्यंत खांद्यावर. अठरा किलो म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. लॅब असता तर मी पण तिथंच बसलो असतो.

आणि कुसळं! बर्फात म्हणे बोटांच्या केसांत बर्फाचे गोळे धरतात आणि कुत्रं लंगडतं, आपल्याकडं तेच काम वाळलेलं गवत करतं, फक्त बर्फ वितळतो आणि कुसळ आत आत शिरत जातं. टोकाला काटा आणि उलटी लव, त्यामुळं पुढंच सरकतं. बंड्या एकदा घरी आल्यावर सारखा एका बाजूला मान झटकत होता, मला वाटलं गोचीड असेल, दोन दिवस तेल घालत बसलो (माझाच मूर्खपणा), शेवटी व्हेटनं बारीक चिमट्यानं कानातनं अख्खं कुसळ काढलं. तेव्हापासून फिरून आलं की गाडीत बसवायच्या आधी बोटांची फट, काखा आणि कान बघायचेच. अजिंक्यताऱ्याच्या डांबरावर हा ताप जवळपास नाही, यवतेश्वरला प्रत्येक वेळी आहे. झाडोऱ्यात खाजकुइलीच्या वाळलेल्या शेंगा पण असतात, तिकडं नाक घालू देऊ नका.

कासपर्यंत पुढं जावं का, तर माझ्या मते नको. फुलं नसली म्हणून पठार रिकामं नसतं, गवे आहेत, बिबट्या आहे, मार्चपासून टिटवी उघड्यावर अंडी घालते, आणि २०१२ पासून ती जागतिक वारशातली जागा आहे, तिथं कुत्रं पळवायचं कशाला. बिबट्याला तर कुत्रं म्हणजे आवडीचं खाणं, त्यामुळं यवतेश्वरच्या बाजूलाही नीट उजाडल्याशिवाय आणि अंधार पडायच्या वेळी लीश ढिली सोडायची नाही. कुठं वणवा लागून गेला असेल तर त्या काळ्या पट्ट्यावरनं नेऊ नका, वरनं विझलेलं दिसतं, खाली राख गरम असते.

जरंडेश्वराचं थोडक्यात सांगतो, पायऱ्या उभ्या आणि माकडं. शांत कुत्रं असेल तर ठीक, बंड्याला माकड दिसलं की माझा खांदा निखळायची वेळ येते. सज्जनगड हे देवस्थान आहे, समाधीच्या दर्शनाला येणाऱ्या लोकांत कुत्रं घेऊन जाणं मला तरी पटत नाही. सांगलीकडनं विचारणाऱ्यांना दंडोबाचा डोंगर जवळ पडतो, चढ सोपा आहे, पण ऊन आपल्यापेक्षा कडक, तिथं अजून लवकर निघा. सागरेश्वर अभयारण्य आहे, हरणं आहेत, तिकडं कुत्र्याचं नावच काढू नका.

मग शेजाऱ्यांना काय सांगितलं? पहिले चार-पाच रविवार अजिंक्यतारा, सहाला पायथ्याशी, आठला खाली, गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवती बांधायचा हार्नेस, दोन लिटर पाणी त्याचं वेगळं. बर्फातले लोक पण म्हणे सकाळी बर्फ कडक असताना जाऊन दुपारी तो मऊ पडायच्या आत परततात, आपलं कारण वेगळं पण घड्याळ तेच. लॅब दमही धरायला लागला आणि हाकेला मागं यायला लागला की मग यवतेश्वर, तेही होळीच्या आधी. होळीनंतर आम्ही बंड्याला डोंगरावर नेत नाही, पहिला पाऊस होईपर्यंत तो गच्चीवर टाकीच्या सावलीत झोपतो.

शेजारी म्हणाले, पण अजिंक्यताऱ्यावर रील चांगला येत नाही हो.