पाइपात ओढलेली नकली वायर

घराच्या वायरिंगचं सामान आम्ही तालुक्यातल्या नेहमीच्याच हार्डवेअरच्या दुकानातून आणलं. सिमेंट, पाइप, खिळे सगळं तिथूनच आलेलं, त्यामुळे मनात शंका नव्हती. शेठनी खुर्ची दिली, चहा मागवला, नामांकित कंपनीची बंडलं समोर ठेवली. "दादा, पक्कं बिल करून १८ टक्के जीएसटी कशाला भरता? घरचंच समजा." मी रोख पैसे मोजले. हातात आली ती कोऱ्या कागदाची चिठ्ठी: 'वायर ११ बं.' आणि खाली रक्कम. दुकानाचं नाव नाही, कंपनीचं नाही, तारीखही नाही.

पाच महिन्यांनी गिझरच्या सॉकेटमधून जळका वास आला. वायरमनने बोर्ड उघडला, तर वायरचं प्लास्टिक वितळून चिकटलेलं. एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप बंद होणारं बटण, पडला नव्हता, कारण भार जास्त नव्हताच. तापत होता तो जोड. त्याने एक तार ब्लेडने खरवडली. तांबूस रंग निघून गेला आणि आत पांढरं ॲल्युमिनियम दिसलं. वर तांब्याचा नुसता मुलामा! त्याच बाथरूममध्ये आई रोज पहाटे अंघोळीला जाते, या विचाराने माझे हातपाय गार पडले.

उरलेलं बंडल घेऊन दुकानात गेलो. या वेळी कोणी बस म्हटलं नाही. "हे आमच्याकडचंच कशावरून? तुमच्या वायरमननंच बदललं असेल." पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण राबणाऱ्या माणसावर घेतलेला हा आळ मला जास्त लागला. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तिथे बिल विचारलं. मी काय दाखवणार?

घर बांधत असाल तर बंडल आधी वजनकाट्यावर ठेवा. २.५ चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर वायरीत नुसतं तांबंच दोन किलोच्या आसपास भरतं. मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम तेवढ्याच लांबीत किलोभरही भरत नाही. आमची बंडलं उचलताना हलकी लागली होती, पण तेव्हा ते मनावर घेतलं नाही. आयएसआय चिन्हाखालचा 'सीएम/एल' नंबर, म्हणजे परवान्याचा नंबर, भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून परवाना त्याच कंपनीचा आहे का, तेही दुकानातच बघा. आम्ही टाकला तेव्हा त्या नंबरचा परवानाच सापडला नाही, आणि तोवर वायर पाइपातून ओढून झाली होती. जीएसटी नंबर, कंपनीचं नाव आणि वायरची साइज लिहिलेलं पक्कं बिल मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

बाथरूम आणि स्वयंपाकघरातली वायर आम्ही बदलून घेतली. दोन खोल्यांची अजून तशीच आहे. पुन्हा वायर आणि पुन्हा मजुरी, एवढे पैसे सध्या हातात नाहीत. वडील रोज झोपायच्या आधी त्या खोल्यांतल्या प्रत्येक बोर्डावर तळहात ठेवून बघतात, कुठे गरम लागतंय का.