फीचं कॅशबॅक कार्ड, फुकटचं कार्ड की सरळ यूपीआय? सांगलीतल्या घरखर्चाचा हिशोब

विश्रामबागेतलं एक चौघांचं कुटुंब धरू. महिन्याचा खर्च ४०,००० रुपये. कॅशबॅक कार्डाच्या जाहिरातीतले ५ टक्के या रकमेला लावले तर महिन्याला २,००० रुपये सुटायला हवेत. प्रत्यक्षात हातात ३०० येतात. बाकीचे कुठे गेले, हे आधी बघू. कार्डं कुठली चांगली ते नंतर.

खर्च असा फोडा: किराणा, दूध, भाजी ११,०००, शाळा-क्लासची फी ६,०००, विम्याचा हप्ता ५,०००, पेट्रोल ४,०००, लाइट बिल, गॅस, मोबाइल मिळून ४,०००, ऑनलाइन खरेदी ५,०००, आणि औषधं, कपडे, हॉटेल अशा स्वाइप मशीन असलेल्या ठिकाणी ५,०००. यातली फी, विमा, पेट्रोल आणि लाइट बिल हे बहुतेक कॅशबॅक कार्डांच्या वगळलेल्या यादीत असतं. म्हणजे १९,००० तिथेच बाद. किराणा-भाजीचे ११,००० क्यूआरवर जातात, आणि यूपीआयच्या क्यूआरवर फक्त रुपे क्रेडिट कार्ड चालतं, व्हिसा किंवा मास्टरकार्ड नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर लावलेला असेल तर रुपेही चालत नाही. कार्डाला खरं काम उरलं १०,००० चं.

आता दोन कार्डं शेजारी ठेवू. एसबीआयच्या ‘कॅशबॅक’ कार्डाची वर्षाची फी ९९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१७९ धरा. ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, दुकानात स्वाइप केलं तर १ टक्का. साइट कुठलीही असो, हा याचा मोठा गुण. दुसरं ॲमेझॉन पे आयसीआयसीआय. त्याला वार्षिक फी नाही. ॲमेझॉनवर प्राइम सदस्याला (त्यांची वर्गणी भरणाऱ्याला) ५ टक्के, बाकीच्यांना ३, आणि इतरत्र साधारण १ टक्का. हे पैसे ॲमेझॉन पे बॅलन्समध्ये येतात, म्हणजे ते खर्च करायलाही बहुधा तिथेच जावं लागतं. दोन्हींच्या अटी मधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज करायच्या दिवशीचं पत्रक वाचा. महिन्याच्या कॅशबॅकची कमाल मर्यादाही त्यातच बघायची.

आपल्या कुटुंबाला फीच्या कार्डावर ऑनलाइनचे २५० आणि स्वाइपचे ५०, असे महिन्याला ३०० मिळतात. वर्षाचे ३,६००, फी वजा जाता २,४२१. फुकटच्या कार्डावर, प्राइम नाही आणि ऑनलाइनच्या ५,००० पैकी ३,००० ॲमेझॉनवर असं धरलं, तर ९० अधिक २० अधिक ५०, म्हणजे महिन्याला १६०, वर्षाला १,९२०. फरक ५०१ रुपयांचा. अख्ख्या वर्षाचा, बरं का. त्याच घरात प्राइम आधीपासून असेल तर फुकटच्या कार्डाचे २,६४० होतात आणि फीचं कार्ड मागे पडतं.

यातून एक उपयोगी आकडा निघतो. तुमची ऑनलाइन खरेदी पाच-सहा साइटींवर विखुरलेली असेल, तर तिथे फीचं कार्ड ४ टक्के जास्त देतं. अशी खरेदी महिन्याला अडीच हजारांवर गेली की फी निघाली. सगळं ॲमेझॉनवरच घेत असाल आणि प्राइम नसेल, तर फरक २ टक्क्यांचाच राहतो आणि फी निघायला महिन्याला पाच हजार लागतात. यापेक्षा कमी खर्च असेल तर फीच्या कार्डाचा विचार सोडून द्या. वर्षात २ लाख खर्च केले की फी माफ, हेही तुम्हाला सांगतील. २ लाख म्हणजे महिन्याला १६,६६७. एरवी तेवढा होत असेल तर उत्तम. पण १,१७९ वाचवायला मार्च महिन्यात नवा टीव्ही घेणारे लोक मी पाहिलेत.

यूपीआय या तुलनेत कॅशबॅकवर हरतो आणि बाकी बऱ्याच बाबतीत जिंकतो. पैसे लगेच खात्यातून जातात, त्यामुळे महिनाअखेरीला बिल बघून कपाळावर हात मारायची वेळ येत नाही. शिवाय गणपती पेठेत वर्षाचं सामान भरताना घासाघीस करता येते ती रोख किंवा थेट खात्यात पैसे देणाऱ्याला. सराफाकडे मोठ्या रकमेला कार्ड पुढे केलं की दीड-दोन टक्के वर मागणारे भेटतात. १ टक्का मिळवायला दोन टक्के द्यायचे, आणि दागिन्यांवर बऱ्याच कार्डांना कॅशबॅक नाहीच. मिक्सर, पंखा अशा वस्तूंचंही तेच. ऑनलाइन किंमत, वजा कॅशबॅक, आणि हरभट रोडवरच्या दुकानदाराचा शेवटचा भाव हे तीन आकडे एकदा कागदावर मांडा. दर वेळी ऑनलाइनच स्वस्त निघत नाही.

किराणा दुकानात पाटीवर व्यापारी क्यूआर (बचत खात्याचा नव्हे) असेल तर मात्र रुपेचं एखादं फुकट कार्ड यूपीआय ॲपला जोडायला हरकत नाही. टक्केवारी तुटपुंजी असली तरी ११,००० चा खर्च नियमित आहे.

इथपर्यंतचा सगळा हिशोब बिल दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्याचा. ‘किमान रक्कम’ भरून पुढे ढकलायची सवय असेल तर वरचं सगळं विसरा. व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, आणि व्याजावर पुन्हा जीएसटी. २०,००० रुपये थकले तर महिन्याला साधारण ८०० जातात. तीन महिन्यांत वर्षभराचा कॅशबॅक साफ. थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कार्डावर एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, शिवाय वेगळं शुल्क.

तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदारांनी तर इथे जास्तच जपावं. नोकरदाराचा पगार दर महिन्याला येतो, बागेचा पैसा हंगामात एकदा. कार्डाची मुदत जेमतेम ४५-५० दिवसांची. ऑक्टोबरच्या छाटणीनंतरची औषधं कार्डावर घेतली तर माल बाजारात जायच्या कितीतरी आधी बिल येणार. किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं आणि वेळेत फेडलं तर ४ टक्क्यांवर येतं. नाव दोन्हींचं ‘क्रेडिट कार्ड’, पण एकाचं काम दुसऱ्यावर टाकू नका.

घेतलेलं कार्ड नको वाटलं तर अडकून पडायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, बाकी शून्य असेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायचं; उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यायचा. फक्त दुसऱ्या वर्षाची फी लागायच्या आधी अर्ज करा. आणि घेणारच असाल तर पहिल्याच दिवशी ऑटो-डेबिट लावा. फॉर्मवर ‘पूर्ण रक्कम’ आणि ‘किमान रक्कम’ असे दोन पर्याय असतात. खूण पहिल्यावर झाली आहे ना, ते डोळ्यांनी बघून घ्या.